सर्व्हर नवा, तरी टॅली का रखडते? व्हर्च्युअल मशीनसाठी शेअर्ड स्टोरेज नीट कसं लावायचं



आयटी सर्व्हिसचा छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी आपली जी मालिका चालू आहे, तिच्यातला हा भाग थोडा तांत्रिक आहे. पण घाबरू नका. पुढच्या वर्षी तुमची एएमसी रिन्यू होणार की ग्राहक दुसऱ्याला फोन लावणार, हे बऱ्याचदा याच विषयावर ठरतं. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून इथे सगळं निवांत लिहून काढलंय. वही-पेन घेऊनच बसा.

चित्र नेहमीचं आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याला तुम्ही तीन नवे सर्व्हर विकले. प्रोसेसर दमदार, रॅम भरपूर. त्यावर चौदा व्हर्च्युअल मशीन चढवल्या: टॅली, ईआरपीचा डेटाबेस, फाइल सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर वगैरे. पहिले पंधरा दिवस मालक खूश. मग येते ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायची. किंवा २० तारीख, थ्री-बीची. सगळं ऑफिस एकदम कामाला लागतं आणि अकाउंटंट एंटर दाबून स्क्रीनकडे बघत बसतो. तुम्ही जाऊन बघता तर सीपीयू जेमतेम १५ टक्के वापरात, रॅम अर्धी मोकळी. मग घोडं अडतं कुठे?

दहातल्या आठ वेळा नाही म्हणणार, पण अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो स्टोरेजवर. चला तर मग, मुळापासून बघू.

सामाईक विहिरीचं उदाहरण

ज्या खऱ्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालतात, तिला होस्ट म्हणतात. आणि सगळ्या होस्टना मिळून डिस्कची जी एकच जागा वापरायला दिलेली असते, ते शेअर्ड स्टोरेज.

गावाकडे तीन भावांच्या शेतात एकच सामाईक विहीर असते ना, तसंच समजा. शेतं म्हणजे होस्ट. विहिरीचं पाणी म्हणजे डिस्कवरचा डेटा. मोटर म्हणजे स्टोरेजच्या बॉक्समधल्या डिस्क आणि कंट्रोलर. शेतापर्यंत जाणारी पाइपलाइन म्हणजे नेटवर्क. फायदा काय? एक होस्ट बंद पडला तरी डेटा त्याच्या पोटात अडकत नाही, दुसरा होस्ट तीच मशीन उचलून चालू करतो. एखाद्या होस्टची रॅम बदलायची असेल, तर त्यावरची मशीन चालू अवस्थेत शेजारी सरकवता येते. ग्राहकाला कळतसुद्धा नाही.

पण सामाईक विहिरीची भांडणंही आपल्याला माहीत आहेत. एकाने दिवसभर मोटर चालू ठेवली की बाकीच्यांची पिकं सुकतात. विहीर आटली तर तिघांचंही नुकसान. शेअर्ड स्टोरेजचंही हेच. वेगाचा प्रश्न आला की तीन गोष्टी तपासायच्या: मोटर पुरते का, पाइप पुरतो का, आणि पाळी नीट लावलीय का.

आधी विचारा: याची गरज आहे का?

एकच होस्ट असेल तर शेअर्ड स्टोरेज घेऊच नका. त्याच मशीनमध्ये चांगल्या एसएसडी टाका. मधे नेटवर्कच नाही, म्हणजे वेगही जास्त आणि बिघडणाऱ्या गोष्टीही कमी.

दोन होस्ट असतील तरी थांबून विचार करा. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस वापरलं, तर एका होस्टवरच्या मशीनची प्रत ठरावीक वेळाने दुसऱ्या होस्टवर आपोआप पाठवता येते. नेहमीची वेळ १५ मिनिटांची असते, ती एका मिनिटापर्यंत खाली आणता येते. होस्ट पडला तर मधल्या तेवढ्या मिनिटांचं काम जाईल. बऱ्याच छोट्या ऑफिसांना एवढं चालतं.

तीन किंवा जास्त होस्ट, मशीन सतत इकडून तिकडे हलवायच्या, आणि 'एक बंद पडला तर दुसऱ्याने लगेच उचललं पाहिजे' अशी मागणी असेल, तिथे शेअर्ड स्टोरेज शोभतं. आणखी एक गोष्ट ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा: होस्ट तीन असले तरी स्टोरेजचा बॉक्स एकच असेल, तर तो बॉक्स पडल्यावर तिन्ही होस्ट रिकामे बसतील. हे लपवून केलेली विक्री टिकत नाही.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद होऊन सबस्क्रिप्शन आलं. त्यामुळे अनेक छोट्या कंपन्या प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही असे पर्याय शोधू लागल्या. सॉफ्टवेअर बदलताना स्टोरेजची मांडणीही नव्याने करावी लागते. हे काम जाणणाऱ्या माणसाला मागणी आहे.

तीन आकडे, तीन वेगळ्या गोष्टी

ग्राहक म्हणतो 'स्लो आहे'. तुम्ही मात्र त्या एका शब्दाचे तीन भाग करायचे.

थ्रूपुट: सेकंदाला किती एमबी डेटा वाहतो. मोठी फाइल कॉपी करताना, बॅकअप घेताना हा आकडा महत्त्वाचा.

आयओपीएस: सेकंदाला किती छोटी-छोटी वाचायची-लिहायची कामं उरकतात. चौदा मशीन एकाच वेळी काही ना काही मागत असतात, तेव्हा हा आकडा लागतो.

लेटन्सी: एका कामाला किती वेळ लागतो. मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

अकाउंटिंगच्या कामात खरा त्रास देते ती लेटन्सी. समजा, एक नोंद सेव्ह करताना सॉफ्टवेअर २०० वेळा डिस्कवर लिहितं, आणि पहिलं लिहून झाल्याशिवाय दुसरं सुरू करत नाही. एका वेळेला १२ मिलिसेकंद लागले तर एकूण २.४ सेकंद. अर्धा मिलिसेकंद लागला तर एकूण ०.१ सेकंद. एंटर दाबल्यावर माणसाला जाणवतो तो फरक हा. सेकंदाला ५०० एमबी कॉपी होतं म्हणून बॉक्स चांगला, हा हिशोब इथे कामाचा नाही.

मोटर: डिस्कचं गणित कागदावर करा

७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क घ्या. एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. डोकं त्या ट्रॅकवर सरकायला आणखी ८ मिलिसेकंद धरा. झाले १२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या कामात एक डिस्क सेकंदाला साधारण ८० कामं करते. डिस्क कितीही टीबीची असो, हा आकडा फारसा हलत नाही.

आता रेड. डेटा सुरक्षित राहावा म्हणून आपण डिस्कचा गट करतो, पण त्याची किंमत लिहिताना मोजावी लागते. रेड १० मध्ये एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते, म्हणजे २ कामं. रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी ४ कामं. रेड ६ मध्ये ६.

आपल्या कारखान्याचं मोजमाप केलं आणि गर्दीच्या वेळी १२०० आयओपीएस दिसले असं समजू. त्यातलं ६० टक्के वाचन (७२०) आणि ४० टक्के लिखाण (४८०).

रेड १०: ७२० + ४८० × २ = १६८०. ८० ने भागलं तर २१, जोड्या लागतात म्हणून २२ हार्ड डिस्क.

रेड ५: ७२० + ४८० × ४ = २६४०. म्हणजे ३३ हार्ड डिस्क.

रेड ६: ७२० + ४८० × ६ = ३६००. म्हणजे ४५ हार्ड डिस्क!

कॅशेमुळे प्रत्यक्षात थोडा दिलासा मिळतो हे खरं. पण चार हार्ड डिस्कच्या रेड ५ बॉक्सवर चौदा मशीन चढवल्या, तर ११ तारखेला काय होणार, हे या कागदावरच दिसतं. उलट साधी साटा एसएसडी घेतली, तरी ती असली कामं सेकंदाला हजारोंच्या घरात करते. म्हणून आज व्हर्च्युअल मशीनसाठी एसएसडी, आणि रचना शक्यतो मिररची: दोन-दोनच्या जोड्या. झेडएफएसमध्येही तेच. जागा निम्मी मिळते, ग्राहक कुरकुर करतो. त्याला वरचं गणित दाखवा. जुन्या फाइल, स्कॅन, बॅकअप यांसाठी मोठ्या हार्ड डिस्कचा वेगळा गट करा. सगळं एकाच विहिरीत ओतायची गरज नाही.

पाइप: नेटवर्क

१ गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, हातात येतात ११० च्या आसपास. एक साटा एसएसडी वाचताना सेकंदाला ५०० एमबीच्या वर देते. म्हणजे एकट्या एसएसडीपुढेही हा पाइप चौथाईच आहे.

पण घाई करून '१० गिगाबिटच हवं' असं बोलू नका. आधी हिशोब बघा. आपले १२०० आयओपीएस, प्रत्येकी ८ केबी धरले, तर सेकंदाला फक्त ९.६ एमबी होतात. रोजच्या कामाला १ गिगाबिट पुरतं! मग अडतं कुठे? बॅकअपला. १ टीबी डेटा सेकंदाला ११० एमबीने काढायचा तर अडीच तास पाइप पूर्ण भरलेला, आणि तेवढा वेळ टॅलीचं छोटंसं काम त्या रांगेत मागे उभं. १० गिगाबिटवर डिस्कनी सेकंदाला ६०० एमबी जरी दिले, तरी तेच काम अर्ध्या तासात उरकतं आणि पाइपमध्ये जागाही उरते. ग्राहकाला १० गिगाबिट का हवं, याचं हे खरं कारण आहे.

नेटवर्कचे चार नियम लिहून ठेवा.

एक, स्टोरेजची वाहतूक ऑफिसच्या वाहतुकीपासून वेगळी ठेवा. वेगळा स्विच उत्तम, नाहीतर किमान वेगळा व्हीलॅन. ऑफिसातल्या कुणी व्हिडिओ डाउनलोड केला म्हणून डेटाबेस थांबता कामा नये.

दोन, दोन केबल जोडून एक बाँड केला की वेग दुप्पट होतो, हा समज सोडा. एलएसीपी बाँडमध्ये एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं. एका केबलला काही झालं तर दुसरी सांभाळते, हा त्याचा खरा फायदा. आयस्कझी वापरत असाल तर बाँडऐवजी मल्टिपाथ लावा: दोन केबल, दोन वेगळे सबनेट, दोन वेगळे रस्ते, आणि होस्टला दोन्ही वापरू द्या. एनएफएस असेल तर लिनक्स कर्नल ५.३ पासून 'एनकनेक्ट' नावाचा पर्याय आहे, तो एका माउंटसाठी अनेक कनेक्शन उघडतो.

तीन, जंबो फ्रेम, म्हणजे एमटीयू ९०००. लावायचं तर होस्ट, स्विच, स्टोरेज सगळीकडे लावा. एक जागा सुटली की विचित्र आजार होतो: पिंग चालतं, कनेक्शन जुळतं, पण डेटा सुरू झाला की सगळं गोठतं. तपासायची पद्धत सोपी आहे. 'तुकडे करू नको' असा पर्याय देऊन ८९७२ बाइटचं पिंग मारा. ९००० मधून २८ बाइट हेडरचे जातात, म्हणून ८९७२. ते गेलं तर रस्ता साफ. जंबो फ्रेमने जादू होत नाही, थोडा फायदा होतो. म्हणून हे काम यादीत शेवटी ठेवा.

चार, होस्ट दोनच असतील तर १० गिगाबिटचा स्विच न घेताही स्टोरेजला थेट केबल जोडता येते. छोट्या बजेटमध्ये हा मार्ग विसरू नका.

एनएफएस की आयस्कझी?

हा प्रश्न फार विचारला जातो. थोडक्यात सांगतो.

एनएफएस म्हणजे स्टोरेजचा बॉक्स फाइल देतो. फाइलसिस्टिम त्याच्याकडेच असते, भांडणं तोच सोडवतो. लावायला सोपं, समजायला सोपं, आणि मशीनची डिस्क म्हणजे एक फाइल, त्यामुळे हलवाहलवी सोपी. सुरुवात करणाऱ्यांनी इथून करावी.

आयस्कझी म्हणजे बॉक्स कोरी डिस्कच देतो, नेटवर्कवरून. त्यावर काय मांडायचं ते होस्टने ठरवायचं. मल्टिपाथ छान चालतं. पण इथे एक मोठा धोका आहे. साधी ईएक्सटी४ किंवा एनटीएफएस फाइलसिस्टिम करून तीच डिस्क दोन होस्टना एकाच वेळी लिहायला दिली, तर डेटा हमखास बिघडतो. कारण दोघांनाही वाटतं डिस्क आपल्या एकट्याची आहे. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस अशा सामाईक वापरासाठीच बनलेली आहे. प्रॉक्समॉक्सवर आयस्कझीच्या वर एलव्हीएम मांडून 'शेअर्ड' अशी खूण करतात. एलव्हीएम-थिन मात्र अनेक होस्टमध्ये असं वाटून घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. हायपर-व्ही वापरणाऱ्यांना विंडोज सर्व्हर २०१२ पासून एसएमबी ३ चाही पर्याय आहे.

वेगात दोघांत जेवढा फरक लोक सांगतात, तेवढा छोट्या ऑफिसात क्वचितच जाणवतो. डिस्क आणि नेटवर्क नीट असेल तर दोन्ही पळतात. ते नीट नसेल तर दोन्ही रडतात.

सिंक: वेग आणि विश्वास यांचा सौदा

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. इथे नीट लक्ष द्या.

डेटाबेस जेव्हा एखादी नोंद पक्की करतो, तेव्हा तो स्टोरेजला म्हणतो, 'खरंच डिस्कवर उतरलं का ते सांग, तोवर मी थांबतो.' याला सिंक राइट म्हणतात. स्टोरेजने 'हो' म्हटल्यावरच स्क्रीनवर 'सेव्ह झालं' दिसतं. व्हीएमवेअरचा होस्ट एनएफएसवर लिहितो तेव्हा तर प्रत्येक लिखाण याच पद्धतीने मागतो. म्हणून तिथे झेडएफएसचा बॉक्स एकदम मंद वाटू लागतो.

मग तुम्ही शोधाशोध करता आणि कुणीतरी सांगतं, 'अरे, सिंक बंद कर, रॉकेटसारखं पळेल.' आणि खरंच पळतं. कारण बॉक्स आता डेटा फक्त रॅममध्ये घेतो आणि ठोकून देतो, 'हो, लिहिलं!' झेडएफएस साधारण ५ सेकंदांनी तो डिस्कवर उतरवतं. मधल्या सेकंदांत बॉक्सची लाइट गेली, पॉवर सप्लाय जळला किंवा सिस्टिम हँग झाली, तर ज्या नोंदींना 'सेव्ह झालं' म्हणून सांगितलं होतं, त्या नाहीतच. झेडएफएसची आपली रचना शाबूत राहते, पण आतल्या डेटाबेसला वाटतं आपलं बिल पक्कं आहे. बिल ग्राहकाच्या हातात, माल ट्रकमध्ये, आणि हिशोबात नोंद नाही.

हाच प्रकार वेगवेगळ्या नावांनी समोर येतो. एनएफएस एक्सपोर्टमधला 'एसिंक'. रेड कार्डवर बॅटरी नसताना चालू केलेला राइट-बॅक कॅशे. प्रॉक्समॉक्समधला 'अनसेफ' कॅशे मोड, ज्याने आपल्या नावातच खरं सांगून टाकलंय. 'यूपीएस आहे ना' हे उत्तर पुरत नाही. यूपीएस लाइट जाण्यापासून वाचवतो, जळालेल्या पॉवर सप्लायपासून किंवा पायात अडकून निघालेल्या वायरपासून नाही.

मग योग्य उपाय काय? पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेल्या एसएसडी घ्या. त्यांच्यात छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती शक्ती त्यांच्याकडे असते, म्हणून त्या प्रामाणिकपणे आणि झटकन 'हो' म्हणू शकतात. लॅपटॉपमध्ये टाकायच्या साध्या एसएसडीत हे सहसा नसतं. म्हणून जाहिरातीत त्या वेगवान दिसतात आणि सिंक राइटला मार खातात.

झेडएफएसचा गट हार्ड डिस्कचा असेल, तर सिंक राइटसाठी अशी एक वेगळी एसएसडी लावता येते, तिला स्लॉग म्हणतात. तिच्यात काही सेकंदांचंच लिखाण मावायचं असतं. १० गिगाबिटचा पाइप पूर्ण भरून १० सेकंद वाहिला तरी १२.५ जीबी होतात, त्यामुळे मोठी घेण्यात अर्थ नाही. टिकाऊ आणि कमी लेटन्सीची घ्या. मुख्य गटच अशा चांगल्या एसएसडीचा असेल, तर वेगळ्या स्लॉगचा फारसा उपयोग नाही.

छोट्या सेटिंग, मोठा फरक

ब्लॉकचा आकार: झेडएफएसवर एनएफएस देताना रेकॉर्डचा आकार आधीपासून १२८ केबी असतो. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांत लिहितात, मायएसक्यूएल १६ च्या. ८ केबी बदलण्यासाठी १२८ केबी वाचून परत लिहायचे, म्हणजे पावशेर साखरेसाठी अख्खं पोतं उचलायचं. मशीनच्या डिस्कसाठी १६ ते ६४ केबीमधला आकार वापरून बघा. हा बदल नव्याने लिहिलेल्या डेटालाच लागू होतो, म्हणून मशीन चढवण्याआधी ठरवा.

ड्रायव्हर: मशीनला जुन्या आयडीई पद्धतीची डिस्क देऊ नका. प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओ स्कझी निवडा. विंडोजमध्ये त्याचे ड्रायव्हर आधी टाकावे लागतात. व्हीएमवेअरवर पॅराव्हर्च्युअल कंट्रोलर. कधीकधी एवढ्यानेच तक्रार मिटते.

डिस्कार्ड: मशीनमध्ये फाइल पुसली तरी खालच्या स्टोरेजला ते कळत नाही. डिस्कार्डची खूण केली की रिकामी जागा परत मिळते.

भरणा: गट ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. झेडएफएसला मोकळी जागा शोधायला कष्ट पडू लागतात. थिन डिस्क दिल्या असतील तर रोज लक्ष ठेवा. कागदावर २० टीबी वाटले आणि खाली १० च असतील, तर जागा संपलेल्या दिवशी सगळ्या मशीन एकदम थांबतात.

कॉम्प्रेशन आणि डीडुप: एलझेड४ कॉम्प्रेशन चालू ठेवा, भार नगण्य असतो. डीडुप मात्र सोडून द्या, ते भरपूर रॅम खातं.

रॅम: झेडएफएस मोकळी रॅम वाचनाच्या कॅशेसाठी वापरतं. 'रॅम ९० टक्के भरली' बघून घाबरू नका. पैसे असतील तर कॅशेच्या एसएसडीआधी रॅम वाढवा.

पाळी: चौदा मशीनचे बॅकअप, अँटिव्हायरस स्कॅन आणि विंडोज अपडेट रात्री ९ ला एकदम लावू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाने वाटून द्या. याला एक रुपयाही लागत नाही.

मोजल्याशिवाय हात लावू नका

पहिल्या दिवशी काहीही बदलू नका, फक्त मोजा. विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर प्रत्येक वाचन-लिखाणाला लागणारा सरासरी वेळ दाखवतो. प्रॉक्समॉक्समध्ये आयओ डिलेचा आलेख असतो. व्हीएमवेअरमध्ये ईएसएक्सटॉप स्टोरेजकडचा उशीर आणि होस्टमधला उशीर वेगळा दाखवतं. एसएसडीच्या स्टोरेजवर एक-दोन मिलिसेकंद छान. सतत २० च्या वर राहिलं तर लोक ओरडणारच. मोजायचं ते गर्दीच्या वेळी: सकाळी ऑफिस सुरू होताना आणि ११ व २० तारखेच्या आसपास. रविवारी दुपारी सगळ्यांचेच सर्व्हर पळतात.

नवा बॉक्स तपासायला एफआयओ हे मोफत साधन वापरा. ४ किंवा ८ केबीचे ब्लॉक, विखुरलेलं काम, ७० टक्के वाचन, ३० टक्के लिखाण. सिंक राइटची चाचणी वेगळी घ्या. चाचणीची फाइल बॉक्सच्या रॅमपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर तुम्ही डिस्क नाही, रॅम मोजताय. नुसते शून्य लिहून वेग मोजू नका. कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांना जागाच लागत नाही आणि आकडा खोटा येतो.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला, पुन्हा मोजा, वहीत लिहा. एकदम पाच सेटिंग बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने तेही नाही.

ग्राहकाशी बोलताना

आता धंद्याचं. कोटेशन देण्याआधी मोजमापाचं काम वेगळं, आणि पैसे घेऊन करा. दोन पानांचा अहवाल द्या: आज किती आयओपीएस, किती लेटन्सी, कुठे अडतंय. पुष्कळ वेळा नवीन बॉक्स लागतच नाही, पाळी बदलून आणि ड्रायव्हर टाकून काम होतं. ते खरं सांगा. आज विक्री थोडी हुकेल, पण तो मालक शेजारच्या शेडवाल्याला तुमचंच नाव सांगेल.

करारात 'फास्ट सर्व्हर' असं लिहू नका. 'कामाच्या वेळेत लिखाणाची सरासरी लेटन्सी इतक्या मिलिसेकंदांच्या आत' असं लिहा. जे मोजता येतं, तेच कबूल करा.

आणि मालकाला एक प्रश्न जरूर विचारा: 'साहेब, काही झालं तर किती मिनिटांचं काम पुन्हा टाइप करायची तयारी आहे?' उत्तर 'एक मिनिटाचंही नाही' असं आलं, तर सिंक बंद करायचा विषयच संपला. उत्तर 'अर्ध्या तासाचं चालेल' असं आलं, तर कदाचित दोन होस्टमधली प्रत पाठवण्याची स्वस्त व्यवस्थाही पुरेल. निर्णय त्यांचा, पण धोका समजावून सांगणं तुमचं काम. चाचणीच्या मशीनवर सिंक बंद ठेवायला हरकत नाही. ग्राहकाच्या हिशोबावर, त्याला न सांगता, कधीही नाही.

शेवटचं: रेड म्हणजे बॅकअप नव्हे आणि शेअर्ड स्टोरेज म्हणजेही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही मिरर डिस्कवरून एकदमच जाते. बॅकअप वेगळ्या मशीनवर, आणि एक प्रत वेगळ्या इमारतीत. तुमचा ग्राहक कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशोबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं २०२२ च्या नियमदुरुस्तीपासून बंधनकारक आहे. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप परत चढवून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

या आठवड्याचा गृहपाठ

एक ग्राहक किंवा ओळखीचं ऑफिस निवडा. त्यांच्या सर्व्हरची गर्दीच्या वेळची लेटन्सी आणि आयओपीएस लिहून घ्या. वाचन-लिखाणाचं प्रमाण काढा आणि वरचं रेडचं गणित त्या आकड्यांवर करा. मग सिंक चालू आहे का, आणि डिस्कमध्ये पॉवर-लॉस प्रोटेक्शन आहे का, तेवढं तपासा. एवढं केलंत तर पुढच्या वेळी 'स्लो आहे' असा फोन आल्यावर तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट करायला धावणार नाही, वही उघडाल.

पुढच्या भागात बघू: बॅकअपची सेवा दरमहा शुल्कावर कशी विकायची. तोवर मोजत राहा, शिकत राहा!